आगकाडीला गुडघा नसतो

दादरला 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) करून नाशिकला गेलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली. काडी थोडी सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. आगकाडीला गुडघा नसतो ही केवढी सोय! माणूस चालवायचा म्हटला की सगळं अवघड होतं.

सध्या मी तेच शिकतोय, हौस म्हणून. (नातेवाईकांनी थट्टा आवरती घ्यावी ही विनंती.) सिनेमात सेकंदाला २४ चौकटी. साधारण माणूस तेवढ्यात दोन पावलं टाकतो. प्रत्येक चित्र दोन चौकटी दाखवलं तर १२ चित्रांत चालीचं आवर्तन पूर्ण, मग तीच बारा पुन्हा पुन्हा. पण नुसते पाय हलवून भागत नाही. पाऊल टेकलं की अंग किंचित खाली बसतं, दुसरा पाय शेजारून पुढे जाताना वर उचललं जातं. ते वजन दिसलं नाही तर पात्र तरंगत जातं.

ही विद्या आपल्याकडे पद्धतशीर आली ती फिल्म्स डिव्हिजनमध्ये, १९५६च्या सुमारास. तिथल्या कार्टून विभागातल्या चित्रकारांना शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. मिशनरी आईवडिलांचा हा मुलगा जन्मला होता भारतातच. शिकणाऱ्यांत राम मोहन होते. गंमत पाहा, वीक्स 'बांबी'वर काम केलेले, आणि इथे १९५७ साली चित्रपट झाला तोही हरणाचाच, जातककथेवरचा 'द बनियन डिअर'!

म्हणून आपलं अॅनिमेशन उसनं, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. वजन कसं पेलायचं हे कुणाकडूनही शिकावं. पुढचं मात्र आपल्याच रस्त्यावर बघायला लागतं. पुस्तकांत चालताना डोकं वरखाली होतं. आमच्या गिरगावच्या चाळीत डोक्यावर पाटी घेऊन कोळीण यायची, तिचं डोकं जवळजवळ एका रेषेत असायचं. सगळा हिशेब गुडघ्यांत आणि कमरेत. त्यात नेसण गुडघ्यापर्यंत, म्हणजे चित्रकाराला लपवायला जागाच नाही!

आता तिलाच काढायला घेतलंय. बारा चित्रांत कमरेची लय तुटते, म्हणून चोवीस करतोय. आज अकरावं झालं.