क्राकाटोआनंतरच्या संध्या

सूर्य तोच, क्षितिज तेंच. मग कालची संध्या केशरी आणि आजची रक्तवर्ण कां? यांतील अर्धें कोडें पुढें लॉर्ड रॅले झालेल्या जॉन स्ट्रट यांनीं १८७१ सालीं उलगडलें. मावळत्या सूर्याचे किरण तिरकस, म्हणजे हवेच्या दीर्घ थरांतून येतात; वाटेंत अतिसूक्ष्म कण निळे किरण विखरून टाकतात, आणि तांबडे तेवढे आपणांपर्यंत पोंचतात. पण हें झालें नित्याच्या लालीचें. आकाशांत काय तरंगत आहे यावर रंग किती पालटतो, हें जगाला शिकविलें एका ज्वालामुखीनें.

२७ ऑगस्ट १८८३ रोजीं सुंदा सामुद्रधुनींतील क्राकाटोआ बेटाचा बहुतेक भाग नाहींसा झाला. जावा-सुमात्राच्या किनाऱ्यांवर ३६,००० हून अधिक माणसें, बहुतांशीं लाटांखालीं, मेलीं. सप्टेंबरांत सिंहलद्वीपांत व मद्रासेकडे लोकांनीं चक्क हिरवा सूर्य पाहिला. नोव्हेंबरांत अमेरिकेंतील पौकीप्सी येथें सूर्यास्तानंतरची लाली पाहून आग लागली असें समजून बंब धांवले! हंसूं नये, आपणही धांवलों असतों. लंडनमध्यें विल्यम ॲस्क्रॉफ्ट हा चित्रकार थेम्सकांठीं बसून क्षणोक्षणीं पालटणारें आकाश रंगीत खडूंनीं टिपीत होता.

रॉयल सोसायटीच्या समितीनें १८८८ सालीं जो अहवाल काढला, त्यांत या रंगांचें श्रेय मुख्यतः राखेच्या धुळीस दिलें. आज आपण जाणतों कीं, गंधकवायूपासून बनलेले आम्लाचे सूक्ष्म थेंबच फार उंचीवर महिनोन्‌महिने टिकले, व क्षितिजाखालीं गेलेल्या सूर्याचा प्रकाश त्यांनींच झेलला. ॲस्क्रॉफ्टचीं चित्रें त्या अहवालाच्या आरंभींच छापलेलीं आहेत. तीं इतकीं मोहक आहेत कीं, पाहतांना त्या बुडालेल्या किनाऱ्यांचा क्षणभर विसर पडतो.