एक रेणू, दोन किमती: एचआयव्ही-प्रतिबंधक औषधाचा भारतीय इतिहास

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी लेनाकापाविर या इंजेक्शनला मान्यता दिली. वर्षातून दोनदा घ्यावयाच्या या औषधाची तेथील जाहीर किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर, म्हणजे चोवीस लाख रुपयांच्या आसपास ठरली. तीनच महिन्यांनी हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या दोन कंपन्यांच्या वतीने घोषणा झाली: हेच औषध २०२७ पासून १२० अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये पुरवले जाईल. रेणू तोच, मात्रा तीच, आणि किमतीत सातशे पटींचा फरक.

एखाद्या रेणूचा वितळणबिंदू निसर्ग ठरवतो. त्याची किंमत माणसे ठरवतात. भारतात ती कशी ठरत गेली, आणि उतरल्यानंतरही औषध माणसापर्यंत पोहोचण्यास इतका विलंब का झाला, हे दोन प्रश्न एकाच इतिहासाचे आहेत.

या इतिहासाचा पाया एचआयव्हीचे नावही कोणाला ठाऊक नसताना घातला गेला. स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा लागू होता. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ मध्ये आपला अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा संमत झाला. १९७२ पासून तो अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट देणे या कायद्याने बंद केले. पेटंट मिळे ते फक्त रेणू तयार करण्याच्या पद्धतीवर. त्याच रेणूकडे जाणारी दुसरी वाट शोधून काढणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला आता कोणाची परवानगी लागणार नव्हती. पुढील तीन दशकांत भारतीय औषधउद्योग उभा राहिला तो याच तरतुदीच्या बळावर.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम उघडकीस आला तो १९८६ मध्ये, चेन्नईत. चेन्नईतील एका मराठी कुटुंबात, गायतोंडे यांच्या घरी जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन तेव्हा मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला सेल्लप्पन यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यांची तपासणी वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात झाली. काही नमुन्यांत संसर्ग आढळला. त्यावर व्यवस्थेने दिलेला पहिला प्रतिसाद उपचाराचा नव्हता, कोंडून ठेवण्याचा होता. १९८९ मध्ये गोव्यात रक्तदाता असलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. या भीतीची सावली पुढे औषधांच्या प्रत्येक टप्प्यावर पडलेली दिसते.

पहिले औषध, झिडोव्ह्युडीन, अमेरिकेत १९८७ मध्ये आले. ते अतिशय महाग होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम केलेले डॉ. ए. व्ही. रामाराव तेव्हा हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक होते. त्यांच्या चमूने हा रेणू बनवण्याची स्वतःची पद्धत विकसित केली आणि १९९३ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने औषध बाजारात आणले. किंमत जागतिक किमतीच्या कितीतरी खाली होती, तरी ते फारसे खपले नाही. सामान्य रुग्णाला तेही परवडणारे नव्हते आणि सरकारी कार्यक्रमात उपचारांसाठी तरतूद नव्हती. स्वस्त होणे आणि हाती पडणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, याचा हा पहिला पुरावा.

फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या वेळी श्रीमंत देशांत याच प्रकारच्या उपचाराचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतील उपचारांचे गणित त्या एका प्रस्तावाने बदलले. भारतात मात्र शासकीय केंद्रांतून मोफत उपचार देण्यास आरंभ झाला तो १ एप्रिल २००४ रोजी. औषध जेथे बनत होते त्या देशातील रुग्णांनी तीन वर्षे अधिक वाट पाहिली.

प्रतिबंधाची कथा याच सुमारास वेगळी वाट धरते. प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली आणि बेल्जियममधील एरिक द क्लेर्क यांच्या सहकार्यातून १९८० च्या दशकात टेनोफोविर हा रेणू पुढे आला. एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनएची साखळी विणतो. टेनोफोविर त्या साखळीच्या एका दुव्यासारखा दिसतो, परंतु पुढचा दुवा जोडण्यासाठी लागणारा हायड्रॉक्सिल गट त्याच्यापाशी नसतो. तो साखळीत शिरला की विणकाम तेथेच थांबते. १९९५ मध्ये माकडांवरील एका प्रयोगाने दाखवले, की विषाणूशी संपर्क येण्याच्या आधी किंवा लगेच नंतर हे औषध दिल्यास संसर्ग रुजतच नाही. रोग झाल्यावर घ्यावयाचे औषध निरोगी माणसाने आधीच घ्यावे, या कल्पनेला येथून आधार मिळाला. पुढे तिलाच ‘प्रेप’ हे नाव पडले.

दरम्यान भारतातील कायदा पालटला होता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून रेणूवरील पेटंट पुन्हा सुरू झाले. मात्र संसदेने कायद्यात दोन दारे उघडी ठेवली. कलम ३(ड) नुसार जुन्याच पदार्थाचे नवे रूप अधिक परिणामकारक ठरल्याखेरीज पेटंटला पात्र होत नाही. आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती त्याला लेखी विरोध करू शकते. गिलियड या अमेरिकी कंपनीने टेनोफोविरच्या एका क्षाररूपासाठी भारतात अर्ज केला, तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांच्या भारतीय संघटना २००६ मध्ये या दुसऱ्या दारातून आत आल्या. पुढे सिप्लानेही विरोध नोंदवला. ब्राझीलची एक संस्थाही दिल्लीत विरोधक म्हणून उभी राहिली, कारण तेथील रुग्णांचे औषध भारतातूनच स्वस्तात येऊ शकत होते. २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. रसायनशास्त्राच्या सूक्ष्म युक्तिवादांनी भरलेली ही लढाई रुग्णांनी लढली आणि जिंकली, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात नोंदवून ठेवावी अशी आहे.

म्हणजे टेनोफोविर प्रतिबंधासाठी मान्य होण्याच्या आधीच भारतात ते अनेक कंपन्यांना बनवता येत होते. २०१० मध्ये आयप्रेक्स या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा देशांतील २,४९९ सहभागींत टेनोफोविर व एमट्रिसिटाबीन यांच्या रोजच्या गोळीने संसर्गाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले. ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष आढळले, त्यांच्यात संरक्षण ९० टक्क्यांहून अधिक होते. २०१२ मध्ये अमेरिकेने या गोळीला प्रतिबंधासाठी मान्यता दिली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संसर्गाचा मोठा धोका असलेल्या सर्वांसाठी प्रेपची शिफारस केली.

४४ आणि ९० या दोन आकड्यांमधील अंतर रसायनशास्त्राचे नाही, ते माणसाच्या जगण्याचे आहे. आफ्रिकेतील स्त्रियांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्या अयशस्वी ठरल्या, कारण बहुसंख्य सहभागी गोळी नियमित घेत नव्हत्या. घरात गोळ्यांची बाटली सापडली, तर आपल्यालाच एचआयव्ही आहे असे लोक समजतील, ही भीती त्यांपैकी अनेकींना होती. त्याआधी, २००४ मध्ये, कंबोडियातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या विरोधामुळे टेनोफोविरची एक चाचणी सुरू होण्यापूर्वीच बंद पडली होती. चाचणीत काही अपाय झाल्यास दीर्घकाळ उपचार कोण देणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

त्या प्रश्नाचे उत्तर कसे देता येते, हे भारतातील दोन शहरांनी दाखवले. कोलकात्याच्या सोनागाछीत साथरोगतज्ज्ञ डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या कामातून दरबार महिला समन्वय समिती ही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली होती. म्हैसूरमध्ये अशोदया समिती याच धर्तीवर काम करत होती. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात या दोन संघटनांनी प्रेपचे प्रात्यक्षिक प्रकल्प राबवले. गोळी का घ्यायची, हे सांगणारी, आठवण करून देणारी आणि अडचण ऐकणारी स्त्री त्याच वस्तीतील होती. दोन्ही ठिकाणी मिळून तेराशेच्या आसपास स्त्रिया सहभागी झाल्या आणि प्रकल्पाच्या काळात एकीलाही एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले नाही. गोळी तीच होती. विश्वास आधी बांधला गेला होता.

तरीही देशव्यापी धोरण सावकाश आले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी दंडसंहितेच्या कलम ३७७ मधील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केली. तोवर प्रेपची सर्वाधिक गरज असलेल्या अनेकांना दवाखान्यात आपली ओळख सांगणेही धोक्याचे होते. एचआयव्हीग्रस्तांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदा त्याच महिन्यात अमलात आला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची, म्हणजे नॅकोची, प्रेपविषयीची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. आजही प्रेप ही उपचारांच्या औषधांप्रमाणे देशभर मोफत मिळणारी सेवा नाही. ज्याला माहिती आहे, ज्याच्याजवळ पैसे आहेत आणि ज्याला न्याय-निवाडा न करणारा डॉक्टर भेटतो, त्यालाच ती गोळी सहज मिळते. सुमारे २५ लाख एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती असलेल्या आणि जगाला औषध पुरवणाऱ्या देशात ही विसंगती लहान नाही.

लेनाकापाविरचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. विषाणूचा जनुकीय ऐवज प्रथिनांच्या शंकूसारख्या कवचात असतो. सुमारे अडीचशे षट्कोनी आणि नेमक्या बारा पंचकोनी घटकांचे ते कवच हा रेणू निकामी करतो. तो पाण्यात अत्यल्प विरघळतो, म्हणूनच त्वचेखाली साठून सहा महिने हळूहळू झिरपतो. २०२४ च्या चाचणीत दक्षिण आफ्रिका व युगांडातील २,१३४ तरुण स्त्रियांना हे इंजेक्शन देण्यात आले. त्यांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. रोजची गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाला. घरात लपवावी लागेल अशी बाटलीच येथे नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गिलियडने सहा कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्यासह पुण्याची एमक्युअरही त्यांत आहे. परंतु परवान्यातील १२० देशांच्या यादीत ब्राझील नाही, जरी याच औषधाच्या दुसऱ्या एका चाचणीत ब्राझीलमधील स्वयंसेवक सहभागी झाले होते. ज्या देशातील संस्थेने कधीकाळी दिल्लीत टेनोफोविरच्या पेटंटला विरोध केला, तो देश आज यादीबाहेर आहे. परवाना ही कंपनीने स्वतःच्या अटींवर दिलेली सवलत असते. २००९ चा निकाल हा कायद्याने मिळालेला हक्क होता. मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने लेनाकापाविरच्या पेटंटअर्जालाही भारतात विरोध नोंदवला, तो हाच भेद ध्यानी ठेवून.

१९९३ चे झिडोव्ह्युडीन स्वस्त होते, आणि पडून राहिले. टेनोफोविरची गोळी स्वस्त झाली, आणि धोरणासाठी वर्षानुवर्षे थांबली. २०२७ मध्ये ४० डॉलरचे इंजेक्शन हैदराबादच्या कारखान्यातून बाहेर पडेल, तेव्हा त्याचा पहिला प्रवास विमानतळाकडे असेल, की सोनागाछीच्या दवाखान्याकडेही, हे रसायनशास्त्र ठरवणार नाही. ते शासनाच्या अंदाजपत्रकात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वागणुकीत ठरेल.