खाराच्या हिशेबात नसलेले पक्षी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाणपक्षी बघायचे तर बहुतेक माणसाने अडवलेल्या पाण्यावरच जावे लागते. नळदुर्ग किल्ल्यातला बोरी नदीवरचा बांध दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बाकीचे बरेचसे तलाव पाटबंधारे खात्याचे. सगळे गोडे पाणी. खाऱ्या पाण्यावरचे पक्षी बघायला मी लोणारला जातो.

तसे लोणार आम्हाला अगदीच परके नाही. 1853च्या तहात निजामाने कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, त्यात आमचा मुलूखही गेला. आम्ही 1860मध्ये निजामाकडे परत आलो, वऱ्हाड राहिले. मधल्या काळात नळदुर्गचा कारभार बघणारा मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीमुळे गाजलेला, 1857मध्ये बुलढाण्याला बदलून गेला. लोणार आज त्याच जिल्ह्यात आहे.

या सरोवराबद्दल राज्यकर्त्यांनी काय लिहून ठेवले? मुख्यतः खार. ‘ऐन-ए-अकबरी’त मेहकरच्या या भागाची नोंद आहे ती काच आणि साबणाला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यावर सरकारला चांगला महसूल येतो म्हणून. 1823मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या खड्ड्याचे वर्णन केले. पुढे खाराचे प्रकार, प्रतवारी, उपयोग हे सगळे नोंदले गेले. ‘पापडी’, ‘भुसकी’ अशी त्यांची नावे होती. उल्का पडून हा खड्डा झाला याचा भक्कम पुरावा 1973मध्ये आला. महसूल मात्र चारशे वर्षांपूर्वीच लिहिला गेला होता! पक्षी कुणाच्या हिशेबात नव्हते, कारण त्यांच्यावर कर बसत नव्हता.

पण खार आणि पक्षी यांचा हिशेब एकच आहे. सरोवराला बाहेर जायला वाट नाही. पाऊस आणि धारेचे गोडे पाणी आत येते, बाहेर नेते ते फक्त ऊन. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, इनपुट आहे, आउटपुट नाही. क्षार साचत जातात. अशा पाण्यात हिरवे-निळे शेवाळ मात्र माजते, आणि त्याच्या आधाराने पाण्यातली सगळी साखळी उभी राहते. काठाच्या उथळ पाण्यात शेकाट्या लांब तांबड्या पायांवर चालत असतात. हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या येतात. जून 2020मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने कारण शोधले: क्षार वाढल्यावर फोफावणारे सूक्ष्मजीव. म्हणजे पाऊस आणि ऊन यांचा तोल थोडा हलला, की तळ्यातली वस्तीच बदलते. क्षार पातळ झाले तरी तेच होणार, आणि ते गुलाबी रंगासारखे डोळ्यांत भरणार नाही.

अभयारण्य 2000मध्ये झाले, रामसरचा दर्जा 2020मध्ये मिळाला. त्या नोंदीत पांढऱ्या मानेचा करकोचा आहे, पोचार्ड बदक आहे. आता इथे कोणता पक्षी आहे ते सांगता येते. अकबराच्या काळी कोणता होता आणि आज नाही, हे कुठल्या कागदावरून काढणार? ओहोटी नोंदायला आधी भरतीचा आकडा लागतो.

म्हणून मी हल्ली मोबाइलवरच्या यादीत पक्ष्यांच्या संख्येखाली एक ओळ जास्त लिहितो: तारीख, आणि पाणी कमळजा देवीच्या देवळापासून किती पावलांवर आहे.