पन्नास सीसीचा परवाना

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, १६ वर्षांच्या मुलांना ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना दिला. त्यापुढच्या इंजिनासाठी वय १८. तेव्हा ही मर्यादा रस्त्यावरच्या गाड्यांना धरून होती. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची १९७२ सालची लूना आणि नंतरची बजाज सनी, दोन्ही ५० सीसीच्याच. आज पेट्रोलच्या स्कूटर बहुतेक शंभर सीसीच्या पुढे गेल्या आहेत. सवलत कागदावर उरली आणि मुले घरच्या मोठ्या गाडीवर विनापरवाना बसतात. सोळाव्या वर्षी गाडी नकोच, असे कोणी म्हणेल. पण अठरा पूर्ण होताच हाच कायदा गिअरच्या परवान्यावर कितीही सीसीची मोटारसायकल हाती देतो. ब्रिटनने शिकाऊंची मर्यादा १९६१ मध्ये २५० आणि १९८३ मध्ये १२५ सीसी केली. आपल्याकडेही अशा पायऱ्या हव्यात, आणि त्या आजच्या गाड्यांची ताकद पाहून ठरवायला हव्यात.