उलटा वस्तरा

परवा पुण्याहून नातवाचा फोन. "आबा, दाढी केली की गळ्यावर पुटकुळ्या येतात. आत केस वळून बसलेला दिसतो. चिमट्यानं उपटू का?"

"अजिबात नको!" मी जवळजवळ ओरडलोच. हा उद्योग मी पन्नास वर्षांपूर्वी करून बसलोय. हनुवटीखाली व्रण अजून आहे.

माझ्या लहानपणी आमच्या मेढ्यात घरी दाढी करायची पद्धत नव्हती. आठवड्यातून एकदा वारीक धोकटी घेऊन पडवीत येत. आधी दाढी पाण्यानं चांगली भिजवत, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत आणि केस ज्या दिशेला वळलेत त्याच दिशेनं फिरवत. शेवटी तुरटीचा खडा. पैसे नसत. सुगीत खळ्यावर बलुत्याचं धान्य मिळे.

तिकडे अमेरिकेत १९०३ साली जिलेट यांच्या कंपनीनं बदलत्या पात्याचा रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी खपले अवघे ५१! पण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ते वाटले गेले आणि रोज आपली आपण दाढी करायची सवय पसरली.

आमच्या घरात रेझर आला तो मी शिक्षक झाल्यावर, १९७४ च्या सुमारास. गुरुजी कसे रोज तुळतुळीत दिसले पाहिजेत! म्हणून मी पातं खालून वर, उलटं ओढायचो. वारीक एकदा म्हणाले, "गुरुजी, उलटा हात मारू नका. केस आत शिरतो." मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं म्हणून बोलतायत. पुढे केस आत शिरला, मी सुईनं उकरला, पू झाला आणि दवाखाना गाठावा लागला.

आज डॉक्टरही तेच सांगतात. फार खोल कापलेल्या केसाचं टोक अणकुचीदार होतं आणि वाढताना कातडीतच घुसतं. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त. १९७१ पासून आलेल्या दोन पात्यांच्या रेझरमध्ये तर एक पातं केस ओढतं आणि दुसरं तो कातडीच्या खाली कापतं.

नातवाला सांगितलं, पुटकुळ्या बसेपर्यंत दाढी बंद. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या फडक्यानं पाच-दहा मिनिटं शेक. उपटायचं नाही, उकरायचं नाही. केस वाढला की बहुतेक वेळा आपोआप वर येतो. लिंबू वगैरे चोळायचं नाही. तुरटीनं रक्त थांबतं, रुतलेला केस निघत नाही. नंतर दाढी करशील तेव्हा आधी केस भिजव, पातं धारदार घे, केसांच्या दिशेनं एकदाच फिरव. थोडे खुंट राहिले तर राहू देत. पू, ताप किंवा पसरती लाली दिसली तर मात्र थेट डॉक्टर.

फोन ठेवला आणि लक्षात आलं, यातलं निम्मं तर वारकांनी पडवीत बसून फुकट सांगितलं होतं. रेझर आला त्याच सुगीला आम्ही त्यांचं बलुतं बंद केलं. त्यांना "तुमचं खरं होतं" एवढं म्हणायचं मात्र राहून गेलं.

असो. नातू ऐकतो का बघू.