तालमीची मेहनत आणि 1961 साल

नोव्हेंबर 2023 मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरी कुस्तीचा फड रंगला. अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांना नमवून गदा खांद्यावर घेतली.

या किताबाची सुरुवातही मराठवाड्यातच, 1961 साली तेव्हाच्या औरंगाबादेत झाली. दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर मौरो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचा स्नायू तपासत होते. स्नायुतंतूला बिलगून, त्याच्याच पातळ आवरणाखाली बसलेली एक चिमुकली पेशी त्यांनी जगासमोर आणली. तीच सॅटेलाइट सेल, म्हणजे स्नायूची मूळपेशी.

तालमीत मेहनतीची शिस्त मात्र कितीतरी जुनी होती. ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती, पहाटेच्या जोर-बैठका, दूध-बदामाचा खुराक आणि दुपारची झोप.

ही मेहनत अंगी कशी लागते, ते पुढच्या संशोधनाने उलगडले. स्नायुतंतूतली केंद्रके विभागत नाहीत. तंतूवर भारी ताण आला किंवा इजा झाली की निपचित पडलेल्या मूळपेशी जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रके देतात. काही पेशी पुन्हा राखीव म्हणून मागे राहतात. या दुरुस्तीला काही दिवस लागतात आणि उतारवयात त्याहून जास्त, कारण तोवर हा राखीव साठा घटलेला असतो.