सिद्धगड : समरभूमी, पायवाटा व निसर्ग

सिद्धगड हा ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील, सह्याद्रीच्या ऐन कड्याला लागून असलेला गिरिदुर्ग. कुळगाव-बदलापूरहून बारवी धरणाच्या जंगलातून मुरबाडकडे जाणारा रस्ता याच डोंगररांगेच्या दिशेने जातो. पायथ्याच्या नारिवली परिसरातून रानवाट गडाच्या विस्तीर्ण माचीवर चढते आणि तेथून पुढे बालेकिल्ल्याची उभी चढण लागते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे ब्रिटिश पोलिसांनी येथील जंगलात आझाद दस्ता या भूमिगत क्रांतिकारक गटाच्या तळावर छापा घातला. त्या गोळीबारात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील यांना वीरमरण आले. पायथ्याला त्यांचे स्मारक असून दरवर्षी २ जानेवारीला तेथे अभिवादनासाठी लोक जमतात. मात्र येथील इतिहास एका स्मारकापुरता नाही. वाट, ओढा, झाडोरा आणि चढण ही त्या लढ्याची साधने होती, म्हणून या स्थळाचे जतन करायचे तर रानासकटच करावे लागेल.

दस्त्याची कार्यपद्धती पाहिली की हे पटते. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये जन्मलेले कोतवाल वकील होते व माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. आदिवासी आणि शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळा व धान्यकोठ्या चालवल्या होत्या. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात त्यांच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. मनोरे सपाटीवर आणि आसरा डोंगरात, अशी ही रचना होती. घाव घालून रानात नाहीसे व्हायचे, तर वाटा ठाऊक असलेली माणसे आणि आडोसा देणारे जंगल या दोन्हींवाचून निभाव लागत नाही. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हाही अरुंद वाट आणि दाट रान हीच मराठ्यांची खरी ताकद होती.

सिद्धगडाचे रान आज भीमाशंकर अभयारण्यात मोडते. १९८५ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य शेकरूसाठी ओळखले जाते. खालच्या उतारांवर साग, ऐन, किंजळ अशी पानझडी झाडे दिसतात. वर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे सदाहरित रान असून उतारावर कारवी माजते. ही कारवी साधारण सात वर्षांनी फुलते. तिच्या काठ्यांनी ठाकर-कातकऱ्यांच्या घरांचे कुड विणले जातात. पावसाळ्यात हेच रान माणसाला सहज गिळून टाकते. जानेवारीत मात्र गवत वाळलेले, साग विरळ झालेला असतो आणि पाचोळ्यावर पावलांचा आवाज होतो. छाप्याच्या यशाचे कारण एवढेच नव्हे, कारण तळाचा ठावठिकाणा पोलिसांना लागला होता. तरी त्या महिन्यात ही वाट चालणाऱ्याला लपण्याची अडचण जितकी उमगते, तितकी ती शिलालेखातून उमगणार नाही.

चकमकीतले दोन बळी म्हणजे लढाई नव्हे, मग याला समरभूमी का म्हणावे, असा एक आक्षेप घेता येईल. पण गनिमी लढ्यात फौजा समोरासमोर येतच नाहीत. संख्येची मोजपट्टी लावली, तर बेचाळीसच्या भूमिगत चळवळीला भूगोलच उरणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : वाट अवघड ठेवली तर वृद्ध व शाळकरी मुले हुतात्म्यांपर्यंत पोहोचणार कशी? पायथ्यापर्यंतचा रस्ता, पाणी आणि माहितीफलक हवेतच. मात्र त्यापुढे डांबर चढवले, तर दर्शन सोपे होईल आणि जे समजून घ्यायचे तेच पुसले जाईल. अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणभूमीवर १८६३ सालचे दृश्य परत आणण्यासाठी पुढे वाढलेली झाडे काढावी लागली. सिद्धगडाला उलट उपाय लागू पडतो, कारण येथे झाडी हाच पुरावा आहे. तिसरा प्रश्न स्थानिकांचा. अभयारण्याच्या नियमांचा भार पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींवर पडतो हे खरे. पण या वाटा जाणणारेही तेच आहेत, म्हणून वाटाड्याचे काम आणि वाटांची देखभाल त्यांच्याकडे सोपवली, तर जंगल राखण्यात त्यांचाही वाटा व लाभ राहील. स्मारकाची देखभाल आणि रानाची राखण ही दोन खात्यांची वेगवेगळी कामे मानली जाणे हीच सिद्धगडाची मुख्य अडचण आहे, आणि दोन्हींसाठी एकच आराखडा हा तिच्यावरचा उपाय.